सणाचा हॅम कसा निवडायचा: हाड, पाणी, लेबल आणि मुळात तो आला कुठून

नाताळ नाहीतर ईस्टर जवळ आला की दुकानात हॅमची, म्हणजे डुकराच्या खारवलेल्या पायाची, नुसती रांग लागते. सगळे गुलाबी, सगळे चकचकीत, पाकिटावर कुठेतरी हिरवं कुरण नाहीतर लाल छपराचं फार्महाऊस, आणि किमतीत मात्र दुप्पट-तिप्पट फरक. हा फरक कशाचा ते पाकिटाच्या पुढच्या बाजूला लिहिलेलं नसतं, ते असतं मागे बारीक अक्षरात, आणि अर्धं तर तिथेही नसतं, विचारून काढावं लागतं. बहुतेक हॅम शिजवलेलेच मिळतात, घरी आपण फक्त गरम करतो आणि वरून ग्लेझ, म्हणजे गोड चकचकीत लेप लावतो, त्यामुळे ओव्हनमध्ये चव फारशी घडत नाही. ती आधीच ठरलेली असते: डुक्कर कसं वाढलं, मांस कसं खारवलं आणि त्यात पाणी किती भरलं यावर. म्हणून मी सगळ्यांना कळकळीने सांगते, रेसिपी शोधण्यात जेवढा वेळ घालवता त्याच्या निम्मा जरी हॅम निवडण्यात घातलात तरी ताटात फरक दिसेल.

पहिली पायरी: कुठला प्रकार हवाय ते घरूनच ठरवून निघा

हॅम म्हणजे डुकराचा मागचा पाय, खुब्यापासून नडगीपर्यंतचा, आणि बहुतेक वेळा खारवलेला. 'पिकनिक हॅम' लिहिलेला तुकडा पुढच्या पायाचा, खांद्याकडचा असतो. तो वाईट नसतो, पण चरबी आणि शिरा जास्त, कापायला किचकट, आणि स्वस्त असतो तो त्यामुळेच, तेव्हा किंमत बघून हुरळून जायच्या आधी नाव नीट वाचा. 'फ्रेश हॅम' म्हणजे न खारवलेला कच्चा पाय. तो भाजला की गुलाबी राहत नाही, साध्या रोस्ट पोर्कसारखा पांढुरका होतो आणि चवही तशीच लागते. आणि ब्रिटनमध्ये 'गॅमन' लिहिलेलं असेल तर तो खारवलेला असला तरी कच्चा आहे, पूर्ण शिजवावा लागणार, हे विसरू नका.

सणाला बहुतेक लोक घेतात तो ओल्या पद्धतीने खारवलेला हॅम. मीठ, साखर, नायट्राइट (रंग आणि टिकाऊपणासाठीचा क्षार) वगैरे पाण्यात विरघळवतात, ते पाणी पायात मुरवतात, मग धुरी देऊन किंवा न देता शिजवतात. पूर्वी पाय त्या पाण्यात बुडवून ठेवायचे, ब्रिटनमधली विल्टशर पद्धत तीच, कॅल्न नावाच्या गावातून पुढे आलेली. आता बहुतेक कारखान्यांत ते पाणी सुयांनी थेट मांसात भरतात आणि मग पाय मोठ्या ड्रममध्ये घुसळतात, म्हणजे पाणी आत नीट पसरतं. काम झटपट उरकतं. पण पाणी किती भरायचं हा मोह इथेच सुरू होतो, त्यावर पुढे सविस्तर लिहिलंय.

दुसरा प्रकार कोरड्या मिठात खारवलेला. पायाला वरून मीठ चोळायचं, पाणी बाहेर निघू द्यायचं, मग महिनोन् महिने टांगून ठेवायचं. अमेरिकेतला कंट्री हॅम, इटलीचा पार्मा, स्पेनचा इबेरिको हे सगळे या घरातले. अमेरिकेच्या नियमात कंट्री हॅमचं वजन मुळापेक्षा किमान १८ टक्के घटलेलं असावं लागतं आणि आत किमान ४ टक्के मीठ असावं लागतं, यावरून तो किती खारट असतो याचा अंदाज घ्या. कंट्री हॅम शिजवायच्या आधी थंड पाण्यात, फ्रीजमध्ये, रात्रभर तरी भिजत घालावा लागतो, त्यावर बुरशी दिसली तरी घाबरायचं कारण नाही, ती ताठ ब्रशने घासून धुवायची. पार्मा आणि इबेरिको मात्र शिजवायचे नसतात, कागदासारख्या पातळ चकत्या करून तसेच खायचे असतात. मध्ये मोठा भाजलेला पाय ठेवून सगळ्यांनी गरम-गरम खायचं अशी कल्पना असेल तर पार्मावर पैसे घालवू नका, तिथे चांगला ओला हॅमच पाहिजे.

दुसरी पायरी: हाडासकट की बिनहाडाचा

माझं मत सरळ आहे, शक्य असेल तर हाडासकट घ्या. हाडाने चव वाढते की नाही यावर लोक वाद घालतात, ते बाजूला ठेवा, खरं कारण वेगळं आहे. हाड असलेला हॅम हा एकाच डुकराचा एकच पाय असतो, तिथे लपवाछपवीला जागाच नाही. बिनहाडाच्या हॅममध्ये चांगलेही असतात, हाड काढून बांधलेले, पण त्याच रांगेत वेगवेगळ्या पायांचे तुकडे एकत्र दाबून, साच्यात घालून गोल किंवा चौकोनी केलेले पण असतात. युरोपियन युनियन आणि ब्रिटनच्या नियमात अखंड तुकडा वाटेल असं मांस प्रत्यक्षात तुकडे जोडून बनवलं असेल तर 'फॉर्म्ड' असं लिहावंच लागतं. ते लिहिलेलं दिसलं नाही तरी कापलेली बाजू बघा: खऱ्या पायात तीन-चार वेगळे स्नायू दिसतात, प्रत्येकाचा रंग जरा वेगळा, रेषा वेगळ्या दिशेला जाणाऱ्या, मधे चरबीची वेडीवाकडी पट्टी. एकसारखा गुलाबी, रेषा नसलेला, खोडरबरासारखा दिसणारा चेहरा असेल तर तो साच्यातला माल आहे.

ऑस्ट्रेलियात राहणाऱ्यांना हाडाचा अजून एक फायदा आहे. रोगराईच्या भीतीने तिथे परदेशातून हाडासकट कच्चं पोर्क आणायला परवानगीच नाही, त्यामुळे तिथला हाडासकट हॅम म्हणजे डुक्कर ऑस्ट्रेलियातलंच. बिनहाडाच्या हॅमला मात्र डेन्मार्क, नेदरलँड्स, अमेरिका इथून आलेलं मांस वापरतात. तिथे हाड म्हणजेच मूळ देशाचा पुरावा.

पूर्ण पाय नको असेल तर अर्धा मिळतो आणि त्यात दोन बाजू असतात. खुब्याकडच्या बाजूला मांस जास्त आणि चरबी कमी, पण आत वेडंवाकडं हाड असल्यामुळे कापताना सुरी अडते. नडगीकडच्या बाजूला एकच सरळ हाड, कापायला सोपं, चित्रात दिसतो तसा देखणा आकार, चरबी आणि कातडी जरा जास्त. पहिल्यांदाच करणार असाल तर नडगीकडचा घ्या. आणि अमेरिकन पाकिटावर 'हाफ' आहे की 'पोर्शन' ते बघा, कारण 'पोर्शन' असेल तर मधल्या सगळ्यात छान चकत्या आधीच काढून हॅम स्टेक म्हणून वेगळ्या विकलेल्या असतात.

स्पायरल हॅम, म्हणजे हाडाभोवती गोल-गोल आधीच कापलेला, वाढायला खरंच सोयीचा. हॅरी होन्सेलार यांनी हे मशीन काढलं, १९५७ मध्ये डेट्रॉईटमध्ये हनीबेक्ड हॅमचं पहिलं दुकान उघडलं आणि तिथून ही पद्धत पसरली. पण चकत्या आधीच मोकळ्या झाल्यामुळे गरम करताना तो पटकन कोरडा पडतो, ग्लेझ आत झिरपून सगळंच गोड होतं, आणि मांस मुळात साधारण असेल तर ते लपत नाही. पाहुणे खूप आणि कापणारं कुणी नाही, तर घ्या. नाहीतर अखंड घ्या.

किती घ्यायचा? हाडासकट असेल तर माणशी २५० ते ३५० ग्रॅम, बिनहाडाचा असेल तर माणशी १२५ ते १५० ग्रॅम. दुसऱ्या दिवशीच्या सँडविचला हवा असेल तर वर थोडा.

तिसरी पायरी: पाणी किती आहे ते शोधा

सगळ्या लेखातलं एकच लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. तुम्ही किलोच्या भावाने पैसे देता, आणि त्या किलोत मांस किती आणि पाणी किती हे कारखान्यावर असतं.

अमेरिकेत हे नावावरून कळतं, फक्त नाव शेवटपर्यंत वाचायला हवं. नुसतं 'हॅम' लिहिलं असेल तर चरबी वगळून जे उरतं त्यात किमान २०.५ टक्के प्रथिनं असावी लागतात, आणि मांसात मुळात साधारण तेवढीच असतात, म्हणजे हे जवळपास सगळं मांसच. 'हॅम विथ नॅचरल ज्यूसेस' म्हटलं की ते १८.५ वर येतं. 'हॅम, वॉटर ॲडेड' म्हणजे १७. आणि 'हॅम अँड वॉटर प्रॉडक्ट' म्हटलं की १७ च्या पण खाली, तिथे किती टक्के बाहेरून घातलंय तो आकडा छापावा लागतो आणि तो आकडा बघून कधी कधी खरंच वाईट वाटतं. पहिले दोन घ्या. तिसरा बजेटमध्ये असेल तर चालेल. चौथा सणासाठी घेऊ नका, तो तापवला की ट्रेमध्ये पाणी साचतं, हॅम आक्रसतो आणि चावताना रबरासारखा लागतो.

युरोप आणि ब्रिटनमध्ये आकडा थेट घटकांच्या यादीत असतो आणि ही पद्धत मला जास्त आवडते. घातलेलं पाणी अंतिम वजनाच्या ५ टक्क्यांच्या वर गेलं तर ते नावातच सांगावं लागतं. आणि पोर्कचं प्रमाण बघा: 'पोर्क ८० टक्के' म्हणजे उरलेले २० टक्के पाणी, मीठ, साखर आणि बाकीची पावडर. उलट एखाद्या पाकिटावर '१०० ग्रॅम हॅमसाठी ११५ ग्रॅम पोर्क वापरलं' असं वाक्य दिसलं की समजायचं, इथे पाणी घातलेलं नाही, उलट मांसातलं पाणी कमी झालंय. असं वाक्य दिसलं की मी पुढचं फारसं बघत बसत नाही, ते पाकीट पिशवीत जातं.

आता एक यादी डोळ्यासमोर आणा, साधारण स्वस्त हॅमची: पोर्क, पाणी, डेक्स्ट्रोज (एक प्रकारची साखर), मीठ, सोडियम फॉस्फेट, सोडियम एरिथॉर्बेट, स्मोक फ्लेवर, सोडियम नायट्राइट. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने असतात, म्हणजे पाणी दुसरं आलं तिथेच अर्धी गोष्ट कळली. फॉस्फेटचं काम मांसाने पाणी धरून ठेवावं हे, ते थोडं असणं काही गुन्हा नाही पण पाणी जास्त भरायचं असेल तर त्याच्याशिवाय जमत नाही. एरिथॉर्बेट रंग टिकवतो. 'स्मोक फ्लेवर' म्हणजे लाकडाच्या धुरात टांगलेला नाही, धुराचा अर्क लावलाय किंवा आत घातलाय. चांगल्या हॅमवर 'हिकरीच्या लाकडावर धुरी दिलेला' किंवा सफरचंद, बीच असं लाकडाचं नाव असतं, आणि यादी छोटी असते: पोर्क, मीठ, साखर, नायट्राइट, झालंच तर मसाले.

नायट्राइटबद्दल दोन शब्द, कारण त्यावर फार गोंधळ आहे. हॅमचा गुलाबी रंग आणि ती खास चव नायट्राइटमुळेच येते, आणि बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूंना तो वाढू देत नाही, हे त्याचं मोठं काम. दुसरीकडे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेल्या मांसाला कर्करोगाला कारणीभूत गटात टाकलंय, तेव्हा रोज खायची ही वस्तू नाहीच, सणाची आहे. पण 'अनक्युअर्ड' लिहिलेलं दुप्पट किमतीला घेऊन आपण नायट्राइट टाळला असं समजू नका. अमेरिकेत अशा हॅममध्ये सहसा सेलरीची पावडर घालतात, त्यात निसर्गतःच नायट्रेट असतं, त्याचा पुढे नायट्राइटच होतो, आणि पाकिटावर बारीक अक्षरात तसं लिहिलेलंही असतं. खरोखर नायट्राइट नको असेल तर पार्मासारखा फक्त पोर्क आणि समुद्री मिठाचा हॅम बघा.

चौथी पायरी: डुक्कर कुठलं, हे शोधून काढा

इथे लोक सगळ्यात जास्त फसतात, कारण पाकिटावर गावाचं, राज्याचं नाव असतं आणि आपण धरून चालतो की डुक्कर तिथलंच. तसं असेलच असं नाही. एखादं पिल्लू डेन्मार्कमध्ये जन्मतं, काही आठवड्यांचं झालं की ट्रकने पोलंड नाहीतर जर्मनीला जातं, तिथे मोठं होतं, तिथेच कापलं जातं, आणि त्याचा पाय तिसऱ्या देशात जाऊन खारवला जाऊ शकतो. कॅनडातली पिल्लंसुद्धा अशीच अमेरिकेत वाढायला जातात. म्हणून प्रश्न नेहमी तीन भागांत विचारायचा: जन्म कुठे, वाढ कुठे, खारवलं कुठे.

कागदावर काय सापडतं ते बघा. अमेरिकेत पोर्कवर मूळ देश लिहिण्याची सक्ती २०१५ च्या शेवटी उठवली गेली, त्यामुळे तिथे काही लिहिलेलं नसेल तर त्यातून काहीच कळत नाही. 'प्रॉडक्ट ऑफ यूएसए' हा शिक्का ऐच्छिक आहे, पण १ जानेवारी २०२६ पासून तो लावायचा असेल तर जनावर अमेरिकेतच जन्मलेलं, वाढलेलं, कापलेलं आणि प्रक्रिया केलेलं असावं लागतं, म्हणजे आता त्या शिक्क्याला वजन आलं. युरोपियन युनियनमध्ये ताज्या पोर्कवर २०१५ पासून 'कुठे वाढवलं' आणि 'कुठे कापलं' हे लिहावं लागतं, आणि नुसतं 'ओरिजिन' म्हणून एकच देश लिहिला असेल तर जन्मापासून कापण्यापर्यंत सगळं त्याच देशात झालेलं असावं लागतं. पण हा नियम ताज्या मांसाचा, हॅमला तो लागू नाही, म्हणून हॅमवर एवढी माहिती स्वतःहून दिलेली दिसली तर त्या कंपनीला माझ्याकडून एक गुण जास्त. ऑस्ट्रेलियात कांगारूच्या चिन्हाखाली एक पट्टी असते, ती किती भरलीय त्यावरून घटकांपैकी किती टक्के ऑस्ट्रेलियन ते कळतं, २०१८ पासून हे सक्तीचं आहे.

मग तो छोटा गोल किंवा लंबगोल शिक्का. अमेरिकन पाकिटावर सरकारी तपासणीच्या गोल शिक्क्यात किंवा जवळपास 'ईएसटी' आणि पुढे नंबर असतो, तो कृषी खात्याच्या अन्नसुरक्षा विभागाच्या यादीत शोधला की कारखान्याचं नाव आणि पत्ता निघतो. युरोपियन शिक्क्यात वर देशाची अक्षरं, मधे कारखान्याचा नंबर, खाली 'ईसी' किंवा त्या भाषेतलं रूप. हे करून बघा, फार काही कळतं यातून, दोन वेगळ्या ब्रँडचे हॅम एकाच नंबरच्या कारखान्यातले निघू शकतात आणि किमतीतला फरक मग नुसत्या खोक्याचा उरतो. फक्त एक ध्यानात ठेवा, हा नंबर शेवटी प्रक्रिया करणाऱ्या किंवा पॅक करणाऱ्या कारखान्याचा आहे, शेताचा नाही.

नावांचं पण तसंच. व्हर्जिनियातल्या स्मिथफिल्ड गावाने १९२६ मध्ये कायदा करून घेतला, त्यामुळे 'जेन्युइन स्मिथफिल्ड हॅम' म्हणायचं असेल तर कोरड्या मिठात खारवण्यापासून किमान सहा महिने मुरवण्यापर्यंत सगळं त्या गावाच्या हद्दीतच व्हावं लागतं. पण स्मिथफिल्ड नावाची कंपनी वेगळी, तिचा पसारा मोठा, २०१३ पासून ती चिनी मालकीची आहे, आणि त्या ब्रँडखाली साधे ओले हॅमही विकले जातात. 'व्हर्जिनिया हॅम' नुसतं म्हटलं तर ती एक शैली झाली. 'ब्लॅक फॉरेस्ट'चं अजून गमतीशीर आहे: युरोपात हे नाव संरक्षित आहे, जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्ट भागात खारवून, धुरी देऊनच तो बनवावा लागतो, पण डुक्कर तिथलंच हवं अशी अट नाही. आणि अमेरिकेत या नावाचा हॅम म्हणजे बाहेरून काळपट दिसणारा हॅम, बाकी काही नाही.

याच्या उलट टोकाला पार्मा. त्याचं डुक्कर इटलीच्या उत्तर आणि मध्य भागातच जन्मलेलं आणि वाढलेलं असावं लागतं. पिल्लू महिन्याच्या आत असतानाच त्याच्या मागच्या पायांवर शेताचा कोड गोंदतात, कत्तलखाना आपला शिक्का उमटवतो, खारवायला घेतानाची तारीख धातूच्या सीलवर येते, आणि सगळ्या तपासण्या झाल्या तरच शेवटी पाच टोकांचा मुकुट डागला जातो. म्हणजे अख्खा पाय हातात घेतला तर त्याच्या कातडीवरच त्याचा सगळा इतिहास वाचता येतो. स्पेनमध्ये इबेरिकोच्या पायाला रंगीत टॅग असतो, २०१४ च्या नियमाने: काळा म्हणजे शंभर टक्के इबेरिको जातीचं आणि शेवटचे महिने रानात ओकची फळं खाऊन वाढलेलं, लाल म्हणजे ओकची फळं खाल्लेलं पण संकरित, हिरवा म्हणजे मोकळ्या रानात वाढलेलं पण खाद्य घातलेलं, पांढरा म्हणजे गोठ्यातलं. सणाच्या ओल्या हॅमला एवढी शिस्त कुणी लावलेली नाही, म्हणून आपल्याला प्रश्न विचारावे लागतात.

पाचवी पायरी: वाढवलं कसं, त्याचे शब्द ओळखा

हा फक्त दयेचा प्रश्न नाही, चवीचाही आहे. कापायच्या अगदी आधी डुक्कर घाबरलेलं असेल तर मांसातली आम्लता झपाट्याने वाढते आणि मांस फिकट, मऊ, पाणी सोडणारं होतं. अशा मांसाचा चांगला हॅम होत नाही, मग फॉस्फेट आणि पाणी घालून ते सावरायचं. शिवाय गेल्या काही दशकांत कमी चरबीचं पोर्क हवं म्हणून जातीच तशा तयार केल्या गेल्या, अमेरिकेत तर १९८७ मध्ये पोर्कला 'दुसरं पांढरं मांस' म्हणत मोठी जाहिरात मोहीम चालली होती. चरबीबरोबर चव पण गेली. म्हणून बर्कशर, ड्युरॉक, ग्लॉस्टरशर ओल्ड स्पॉट, टॅमवर्थ असं जातीचं नाव पाकिटावर दिसलं की थांबून बघा, बर्कशरचं मांस गडद आणि आत चरबीच्या बारीक रेषांचं असतं, ते कोरडं पडत नाही.

आता शब्द. अमेरिकेत 'हार्मोन नाही' याला काही अर्थ नाही, डुकरांना हार्मोन द्यायला तिथे बंदीच आहे. 'नॅचरल' म्हणजे कृत्रिम घटक नाहीत आणि प्रक्रिया कमी, डुक्कर कसं वाढलं याच्याशी त्याचा संबंध नाही. 'फार्म रेज्ड' पण तसंच, सगळीच कुठल्या ना कुठल्या फार्मवर वाढतात. अर्थ आहे तो बाहेरच्या संस्थेने तपासलेल्या शिक्क्यांना: 'ॲनिमल वेल्फेअर अप्रूव्ह्ड' असेल तर डुकरं बाहेर कुरणात असतात, 'सर्टिफाइड ह्युमेन'मध्ये जागा आणि वागणुकीचे नियम आहेत पण बाहेर सोडण्याची सक्ती नाही, 'ऑरगॅनिक'मध्ये खाद्य सेंद्रिय आणि अँटिबायोटिक बंद.

ब्रिटनमध्ये तीन शब्द अगदी जवळचे वाटतात आणि फरक मोठा आहे. 'आउटडोअर ब्रेड' म्हणजे फक्त जन्म बाहेर, दूध सुटलं की आत. 'आउटडोअर रेअर्ड' म्हणजे साधारण अर्धं आयुष्य बाहेर. 'फ्री रेंज' म्हणजे जन्मापासून शेवटपर्यंत बाहेर. हा तिसरा शब्दच तुमच्या डोक्यातल्या हिरव्या चित्राशी जुळतो.

आणि गाभण डुकरिणीला वळताही येणार नाही अशा पिंजऱ्यात ठेवतात का, हा प्रश्न जरूर विचारा. ब्रिटनने हे पिंजरे १९९९ मध्ये बंद केले, युरोपियन युनियनमध्ये २०१३ पासून गाभणपणाच्या पहिल्या चार आठवड्यांनंतर बंदी आहे. कॅलिफोर्नियात २०१८ मध्ये लोकांनी मतदान करून कायदा आणला, डुकरिणीमागे किमान २४ चौरस फूट जागा नसेल तर तिच्या पिल्लांचं कच्चं मांस तिथे विकता येत नाही, आणि २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तो कायम ठेवला.

सहावी पायरी: बुचरला काय विचारायचं

सणाच्या आठवड्यात नका विचारू, त्याला श्वास घ्यायला वेळ नसतो. तीन-चार आठवडे आधी जा आणि ऑर्डर देताना विचारा: डुकरं कुठल्या शेतावरची, जात कुठली, तुम्ही स्वतः खारवता की तयार आणता, सुईने पाणी भरता की बुडवून ठेवता, किती दिवस, धुरी कुठल्या लाकडाची. चांगल्या बुचरला हे प्रश्न आवडतात, तो शेतकऱ्याचं नाव सांगतो, कधी कधी थांबायलाच तयार नसतो. 'सगळं लोकलच आहे' असं मोघम उत्तर आलं तर अजून एकदा, शांतपणे, शेताचं नाव विचारा. नाव आलं नाही तर दुसरीकडे बघायचं. पाकीटबंद ब्रँडला हेच प्रश्न ईमेलने पाठवता येतात, सोबत तो कारखान्याचा नंबर आणि पाकिटावरची तारीख द्या, मग त्यांना ठोक उत्तर द्यावं लागतं.

हॅम समोर आला की नजर टाका. पिशवीत तळाला पाणी साचलेलं नको. वरची चरबी पांढरी, बोटभर जाडीची, पिवळसर नको. कातडी शक्यतो असू द्या, ती घरी काढता येते. कापलेल्या चकतीवर तेलावर दिसतात तसे हिरवट-इंद्रधनुषी रंग दिसले तर तो प्रकाशाचा खेळ असतो, खराबी नाही. पण चिकट, बुळबुळीत लागलं किंवा आंबूस वास आला तर मात्र टाकून द्या.

सातवी पायरी: घरी आणल्यावर

पाकिटावर 'फुली कुक्ड' आहे की 'कुक बिफोर ईटिंग' हे पुन्हा एकदा बघा. गोठवलेला असेल तर फ्रीजमध्येच वितळवा, दर दोन किलोला साधारण एक दिवस धरा, म्हणजे मोठ्या पायाला तीन-चार दिवस सहज जातात.

शिजवलेला हॅम साधारण १६० अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये, कापलेली बाजू खाली, तळाला कपभर पाणी, वरून फॉइल घट्ट, आणि अखंड हाडासकट असेल तर किलोला ३३ ते ४० मिनिटं. आत मधोमध, हाडाला न लावता थर्मामीटर खुपसायचा, कारखान्यात पॅक झालेल्या हॅमला ६० अंश पुरेसे, त्याच्या वर नेलं की कोरडा पडणार. दुकानात उघडून पुन्हा बांधलेला असेल तर ७४ पर्यंत न्या. कच्चा असेल तर ६३ अंश आणि मग किमान ३ मिनिटं विश्रांती. ग्लेझ शेवटच्या वीस-तीस मिनिटांतच लावा, आधी लावलं की साखर करपते आणि कडू होते. चांगला हॅम असेल तर ग्लेझ कमी लावा, त्याची चव दिसू द्या.

जेवण झालं की दोन तासांच्या आत उरलेला हॅम हाडावरून सोडवून फ्रीजमध्ये, तीन-चार दिवसांत संपवा, फ्रीझरमध्ये एक-दोन महिने छान राहतो. गरोदर बाईला किंवा आजारी माणसाला थंड चकत्या देऊ नका, वाफा येईपर्यंत गरम करून द्या. हाड टाकायचं नाही, ते गोठवून ठेवा आणि डाळीच्या नाहीतर वाटाण्याच्या सूपमध्ये घाला, फक्त सूपला मीठ सगळ्यात शेवटी, चाखून.